टेबलावरचे तीन कोबी

आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. खाण्याच्या बाबतीत त्यांचा एकच नियम आहे, पदार्थ ओळखीचा दिसला पाहिजे. गेल्या मार्गशीर्षात मी जांभळ्या कोबीची भाजी केली. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी, वरून ओलं खोबरं. कृतीत नवीन काहीच नव्हतं. पण झाकण काढून पाहिलं तर भाजी निळी! पूर्वी पांढऱ्या कपड्यांना नीळ घालायचे ना, तशी. सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "शाईत शिजवलीस का गं?"

मी घाईघाईनं लिंबू पिळलं. जिथं रस पडला तिथं भाजी बघता बघता गुलाबी झाली. सासूबाईंनी भाजी खाल्ली नाहीच, पण लिंबाची दुसरी फोड मागून घेतली आणि उरलेल्या निळ्या भागावर स्वतः पिळून पाहिली. थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "हळदीला चुना लावला की कुंकू होतं, त्यातलाच प्रकार हा."

कॉलेजात मी मराठी शिकवते. रसायनशास्त्राशी माझा संबंध बारावीला सुटला. पण आमच्या स्टाफरूममध्ये ही हकिकत सांगितली तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या बाई म्हणाल्या, तुमच्या सासूबाईंचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. हळदीचा रंग जसा चुन्यानं बदलतो तसा या कोबीतला रंगही आंबट की खारट हे ओळखून बदलतो. त्या रंगद्रव्याचं नाव अँथोसायनिन. जांभळात, काळ्या द्राक्षात, वांग्याच्या सालीत, जास्वंदीच्या पाकळीत हेच कुटुंब. आंबटात ते लाल होतं, सोड्यात निळं आणि सोडा फारच झाला तर हिरवं. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यात शिजल्यामुळे भाजी निळी झाली. जर्मनीत तर या कोबीची नावंच त्यावरून पडली आहेत. उत्तरेकडे त्याला 'लाल कोबी' या अर्थाचं नाव आहे आणि दक्षिणेत बव्हेरियाकडे 'निळी भाजी' या अर्थाचं. भांड्यात सफरचंद आणि व्हिनेगर किती पडतं, त्यावर रंग ठरतो. आपल्याकडे एका गड्ड्याला मराठीत कोबी आणि कानडीत कोसु म्हणतात, ते निदान दोन भाषांत तरी. त्यांच्याकडे एकाच भाषेत दोन रंग!

असो. सांगायचं होतं ते निराळंच. हा कोबी मी बाजारातून आणलेला नव्हता. अण्णांनी आणून दिला होता, आणि तोही भाजीसाठी नव्हे, पुरावा म्हणून.

अण्णा म्हणजे माझे आतेभाऊ. कडोलीकडे त्यांची शेती आहे. बटाटा, कोबी, मिरची, असं आलटून पालटून चालतं. आपल्या भागातली भाजी रोज पहाटे चोर्ला नाहीतर अनमोडवरून गोव्याला जाते हे वाचकांना सांगायला नको. गोव्यातल्या हॉटेलांत सॅलडसाठी जांभळा कोबी लागतो आणि हिरव्यापेक्षा त्याला भाव बरा मिळतो, असं एका व्यापाऱ्यानं अण्णांना सांगितलं. अण्णांनी अर्धा एकर त्यासाठी काढलं. रोपवाटिकेतून ट्रेमधली तयार रोपं आणली, सुमारे आठ हजार. साध्या कोबीच्या रोपाच्या दुप्पट-तिप्पट दर. पीक उत्तम आलं. फक्त गड्डे भरायला लागले तसं दिसायला लागलं की सगळेच जांभळे नाहीत. शंभरात आठ-दहा गड्डे निराळे. व्यापारी आला, त्यानं शेतात फेरी मारली आणि म्हणाला, मिसळीचा माल आहे, निवडून भरावा लागेल, दर उतरवा.

अण्णा रोपवाटिकेत गेले. तिथून बियाणं विकणाऱ्या दुकानाकडे बोट दाखवण्यात आलं. दुकानदार म्हणाला, "हवामान, अण्णा. यंदा थंडी कुठं पडली? रंग चढला नाही." (दुकानाचं, रोपवाटिकेचं नाव मी लिहीत नाही. ते इथं महत्त्वाचं नाही आणि आपल्याला उद्याही त्यांच्याकडेच जायचं आहे.)

दुसऱ्या दिवशी अण्णा पिशवी घेऊन माझ्याकडे आले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी तीन कोबी ओळीनं मांडले. पहिला गर्द जांभळा, जवळजवळ काळाच. तिसरा साधा हिरवा, आपला नेहमीचा. आणि मधला? तो दोन्हींच्या मधला. पानं हिरवट राखी, शिरा जांभळ्या, वरच्या पानांवर जांभळी झाक. "एकाच ट्रेतली भावंडं ही. तू कॉलेजात आहेस. यात हवामान कुठलं ते मला सांग," अण्णा म्हणाले.

मला काय कळणार कपाळ! मी गड्ड्यांचे फोटो काढून वनस्पतिशास्त्राच्या बाईंना दाखवले. त्या फोटोंवरून आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर जे शिक्षण झालं ते मी वाचकांपुढे ठेवते आहे. चूक निघाली तर ती माझी, बाईंची नव्हे.

पहिला धक्का मला असा बसला की हिरव्या कोबीत जांभळा रंग 'नसतो' हे खरं नाही. रंग करायची सगळी भांडीकुंडी हिरव्या कोबीच्या प्रत्येक पेशीत असतात. एका साध्या द्रव्यापासून सुरुवात करून पायरीपायरीनं रंग बनवणारी विकरं असतात, त्या विकरांची जनुकं असतात. स्वयंपाकघर भरलेलं आहे, फक्त चूल पेटवलेली नाही. चूल कधी पेटवायची हे ठरवणारं एक वेगळं जनुक असतं. ते स्वतः रंग करत नाही. ते बाकीच्या जनुकांना 'लागा कामाला' असं सांगतं. हिरव्या कोबीत हे मुकादम जनुक बहुतेक वेळ गप्प असतं. जांभळ्या कोबीत ते गप्प बसतच नाही.

मी हे अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "हे तर मला ठाऊकच आहे की. थंडीत हिरव्या कोबीची रोपं जांभळी पडत नाहीत काय? तेव्हा आम्ही स्फुरद देतो. दिलं की परत हिरवी."

मी बाईंना विचारलं. त्या खुर्चीत सरळ बसल्या. म्हणाल्या, पुस्तकातलं उदाहरण आहे हे! स्फुरद कमी पडलं, गारठा वाढला, ऊन फार झालं की साध्या कोबीचं रोपसुद्धा अँथोसायनिन करायला लागतं. एक तऱ्हेनं ती अंगावर ओढलेली छत्री असते, कोवळ्या पेशींना जास्तीच्या उजेडापासून वाचवणारी. पण रंग करायला साखर खर्च होते. म्हणून शहाणं झाड गरज संपली की चूल विझवतं. जांभळ्या कोबीला ही विझवण्याची सोय उरलेली नाही. गरज असो नसो, जन्मापासून गड्डा काढेपर्यंत चूल पेटलेली. झाडाच्या दृष्टीनं हा बिघाडच म्हणायचा. माणसाला तो आवडला, म्हणून त्यानं तो जपला.

चूल विझायची का थांबली, हे २०१० साली पहिल्यांदा नीट उलगडलं, आणि तेही पानकोबीत नव्हे, फ्लॉवरमध्ये. इथं एक गोष्ट सांगायला हवी. पानकोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, परदेशात खातात ती केल, या सगळ्या भाज्या शास्त्राच्या दृष्टीनं एकच जात आहेत, ब्रासिका ओलेरासिया. गुणसूत्रांच्या नऊ जोड्या सगळ्यांच्या सारख्याच. माणसानं कुणाचं पान फुगवलं, कुणाचं खोड, कुणाचा फुलोरा. मंडईत ज्यांना आपण वेगवेगळ्या भावानं घेतो ती सगळी सख्खी भावंडं. त्यांचा एकमेकांशी संकर सहज होतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात काम करणाऱ्या ली ली या संशोधक बाईंच्या गटानं जांभळ्या फ्लॉवरचा अभ्यास केला. त्यांना ते मुकादम जनुक सापडलं. त्याचं नाव बीओ-मिब-टू असं काहीसं रूक्ष आहे. जनुकात काही बिघाड नव्हता. बिघाड होता जनुकाच्या आधीच्या भागात, जिथं ते चालू करायचं की बंद ठेवायचं हे ठरतं. तिथं डीएनएचा एक उपरा तुकडा येऊन बसला होता. अशा तुकड्यांना उड्या मारणारी जनुकं म्हणतात. पेशीतल्या पेशीत ती एका जागेवरून उठतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात. मक्याच्या दाण्यांवरचे रंगीत ठिपके पाहून बार्बरा मॅक्लिंटॉक या बाईंनी १९४०च्या दशकात ही गोष्ट ओळखली होती. तेव्हा कुणाला ती पटली नाही. १९८३ साली, एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. मक्याच्या दाण्यातला तो रंगही अँथोसायनिनच. म्हणजे बटणाशेजारी कुणीतरी विटेचा तुकडा ठेवला आणि बटण दाबलेलंच राहिलं, असं काहीसं फ्लॉवरचं झालं.

मला यात जास्त गंमत वाटली ती दुसऱ्या एका योगायोगाची. मेंडेलचा वाटाणा आपण सगळ्यांनी शाळेत घोकला आहे. जांभळ्या फुलाचं झाड आणि पांढऱ्या फुलाचं झाड यांचा संकर, पहिल्या पिढीत सगळी जांभळी, दुसऱ्या पिढीत तीनास एक. १८६५ साली ब्रनोच्या सभेत त्यानं हे वाचून दाखवलं, त्यातले आकडे ७०५ जांभळी आणि २२४ पांढरी. पण मेंडेलला 'घटक' म्हणजे नक्की काय हे कळायचं साधन नव्हतं. वाटाण्याच्या फुलाचा तो घटक कोणतं जनुक आहे, हे ठरलं तेसुद्धा २०१० सालीच! आणि निघालं काय? तेही मुकादम जनुकच. एवढंच नव्हे, तर फ्लॉवरमध्ये सापडलेलं प्रथिन आणि वाटाण्यातलं प्रथिन या दोन जातींची प्रथिनं झाडात जोडीनं काम करतात. दोघं एकत्र आल्याशिवाय चूल पेटत नाही. वाटाण्यात जोडीतला एक कायमचा आजारी पडला आणि फूल पांढरं झालं. फ्लॉवरमध्ये दुसरा झोपायचंच विसरला आणि गड्डा जांभळा झाला. दीडशे वर्षांच्या अंतरावरच्या दोन भाज्या एकाच वर्षी एकाच घरात सापडाव्यात, हे एखाद्या कादंबरीकारानं लिहिलं असतं तर मी विद्यार्थ्यांना 'ओढूनताणून आणलेला योगायोग' म्हणून शिकवलं असतं.

पुढं २०१९ साली चीनमधल्या संशोधकांनी याच जातीतल्या निरनिराळ्या जांभळ्या भाज्या तपासल्या. त्यांना दिसलं ते असं, की बहुतेक ठिकाणी जागं झालेलं जनुक तेच आहे, पण त्याला जागं करणारे बदल वेगवेगळे आहेत. म्हणजे जांभळा रंग एका भाजीतून दुसरीत गेला असं नाही. तो पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे उगवला, आणि प्रत्येक वेळी कुणा शेतकऱ्यानं तो वेगळा ओळखून त्याचं बी धरलं. त्या शेतकऱ्यांची नावं अर्थातच कुठं नोंदलेली नाहीत.

आता अण्णांच्या तीन गड्ड्यांकडे येऊ.

वाटाण्यात जांभळा रंग पूर्ण प्रभावी. एका पालकाकडून आला तरी फूल पूर्ण जांभळंच. कोबीत तसं नाही, तिथं तो अर्धप्रभावी आहे. आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून 'जागं' जनुक आलं तर गड्डा गर्द. एकाकडूनच आलं तर मधला, फिका, शिरांतून जांभळा. दोन्हीकडून 'झोपलेलं' आलं तर हिरवा. गर्दपणा किती हे ठरवणारी आणखीही लहानमोठी जनुकं आहेत, त्यामुळे जांभळ्यातही छटा पडतात. कोबीच्या रंगाचा वारसा १९२०-३०च्या दशकांत युरोप-अमेरिकेत अनेकांनी तपासला, आणि मेंडेलच्या तीनास एकमध्ये तो सरळ बसत नाही म्हणून बरंच डोकं खाजवलं. पण टेबलावरच्या तीन गड्ड्यांपुरता ढोबळ हिशेब एवढाच. बाई फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तुमचे मधले साहेब आहेत ना, त्यांचे वडील हिरवे."

म्हणजे काय? तर बाजारात विकायचा गर्द जांभळा संकरित कोबी करायचा असेल तर त्याचे आई आणि वडील दोघंही जांभळे लागतात. पैदासकाराचं काम इथंच दुप्पट होतं. एक चांगला जांभळा वाण शोधून भागत नाही, एकमेकांहून निराळे असे दोन लागतात. दोन्हींचा गड्डा घट्ट हवा, आतला दांडा आखूड हवा, पावसानं फुटता कामा नये, घाण्या रोगाला दाद देता कामा नये. हिरव्या कोबीत या गुणांचे कितीतरी वाण तयार आहेत. पण हिरव्यातून असा गुण जांभळ्यात आणायचा म्हटला की पहिल्या पिढीत रंग अर्धा होतो, आणि मग तो परत मिळवण्यासाठी पिढ्यान् पिढ्या निवड करत बसावं लागतं. कोबीची एक पिढी म्हणजे दोन वर्षं. पहिल्या वर्षी गड्डा, मधे हिवाळा, दुसऱ्या वर्षी फूल आणि बी. सहा-सात पिढ्या म्हटल्या तरी बारा-चौदा वर्षं झाली. परागकोशापासून थेट शुद्ध रोप करण्याची प्रयोगशाळेतली पद्धत आता आहे, त्यामुळे हा काळ खूपच कमी होतो. पण शेतातली पारख काही प्रयोगशाळेत होत नाही.

शिवाय कोबीला स्वतःचे परागकण चालत नाहीत. एकाच खुणेचे पराग आले की फुलाची किंजल्क त्यांना आत घेतच नाही. बाई म्हणाल्या, सगोत्र विवाह वर्ज्य असतो ना, तसं. मग शुद्ध वाण टिकवायचा कसा? त्यावर पैदासकारांनी काढलेली युक्ती म्हणजे फूल उमलण्याआधी, कळीत असतानाच तिच्यावर परागकण टाकायचे. किंजल्काला अजून गोत्र ओळखता येत नसतं. (बालविवाहाचं समर्थन म्हणून हे वाक्य कुणी कापून वापरू नये!) दुसरी सोय म्हणजे नरवंध्य आई. जपानमध्ये ओगुरा यांनी १९६८ साली मुळ्याच्या एका झाडात पराग न करणारा गुण शोधला. तो पेशीद्रवातून, म्हणजे फक्त आईकडून, पुढं जातो. तो कोबीत आणला गेला. अशी आई स्वतःच्या परागानं फळत नाही, तिला बाहेरच्याचीच वाट पाहावी लागते.

आणि वाट पाहायची कुणाची हे मधमाशी ठरवते. बी करणाऱ्याच्या शेतात जांभळ्या आईच्या रांगा, शेजारी जांभळ्या वडिलांच्या रांगा. पण हाकेच्या अंतरावर कुणाचा हिरवा कोबी फुलावर आला असेल तर माशीला कुंपण ठाऊक नाही. फ्लॉवर, नवलकोल जवळ असला तरी तेच, सगळी एकच जात हे मघाशी सांगितलं ते म्हणूनच. आपल्याकडच्या बीज प्रमाणीकरणाच्या नियमांत कोबीच्या पायाभूत बियाण्यासाठी १६०० मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी १००० मीटर अंतर सांगितलं आहे ते यासाठी. अंतर चुकलं की जांभळ्या आईच्या पोटी हिरव्या बापाची लेकरं येतात. बी दिसायला अगदी सारखं, मोहरीएवढं, तपकिरी. पुडीत कळत नाही. शेतात कळतं, नव्वद दिवसांनी.

म्हणजे मधला गड्डा माशीचा. आणि पूर्ण हिरवा? तो बहुधा भरताना मिसळलेल्या बियांचा, नाहीतर ट्रेच भेसळीचा. पक्कं सांगायचं तर पानाची डीएनए तपासणी लागेल, असं बाई म्हणाल्या.

आता दुकानदाराचं हवामान. त्यात थोडं तथ्य आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. गारठ्यात जांभळा रंग चढतो, उबेत उतरतो. एखाद्या साली सगळंच शेत फिकं निघू शकतं. पण ते 'सगळंच' निघतं. हवामान एका रोपाला लागून शेजारच्या रोपाला सोडत नाही. अण्णांच्या शेतात बारा गर्द गड्ड्यांच्या मधोमध, त्याच सरीत, त्याच पाण्यावर, एक हिरवा बसलेला होता. हे कारण मी अण्णांना फोनवर सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "एवढंच बोलायचं होतं मला तिथं. शब्द सापडले नाहीत."

ते पुन्हा गेले. तिन्ही कोबी मात्र आमच्याकडेच राहिले आणि त्यातल्या जांभळ्याची पुढं निळी भाजी झाली, हे वर आलंच आहे. दुकानात नेण्यासाठी अण्णांनी शेतातून दुसरे तीन काढले, मुळासकट, मातीसकट, एकाच सरीतले. दुकानदारानं आधी ऐकून घेतलं नाही. मग कुणा वरच्या माणसाला फोन लावला. शेवटी रोपांच्या पैशांपैकी काही भाग परत मिळाला, दर उतरल्याचं नुकसान मात्र अण्णांनीच सोसलं. हिरवे गड्डे त्यांनी वेगळे काढून बेळगावच्या मंडईत नेहमीच्या भावानं विकले. मधल्यांना गिऱ्हाईक नव्हतं. जांभळा मागणाऱ्याला ते फिके वाटत होते आणि हिरवा मागणाऱ्याला रोगट. चवीत काही फरक नव्हता, पण हे पटवून देत बसायला कुणाकडे वेळ असतो? ते म्हशींना गेले.

जाता जाता आणखी एक. जांभळा कोबी खाल्ला की अमुक रोग बरा होतो, तमुक होत नाही, असं हल्ली भाजीवालेसुद्धा सांगतात. भाजी चांगलीच आहे, खावी. पण औषध म्हणून दुप्पट पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. त्यापेक्षा खरी बातमी निराळी आहे. खाद्यपदार्थांत घालायला नैसर्गिक निळा रंग मिळणं फार कठीण, आणि २०२१ साली अमेरिका, जपान आणि युरोपातल्या संशोधकांनी जांभळ्या कोबीतल्याच एका अँथोसायनिनपासून तसा निळा रंग करून दाखवला. ज्या निळ्याला आमच्या सासूबाई नाक मुरडतात, त्यासाठी तिकडे कंपन्या वर्षानुवर्षं झटत होत्या. सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्यांच्याकडेच पाठवून दे."

यंदा अण्णांनी पुन्हा जांभळा लावला आहे, या खेपेला निम्मा. मला त्यांनी मुद्दाम रोपवाटिकेत सोबत नेलं. बाईंनी एक खूण सांगितली होती. जांभळ्या कोबीचं बी रुजल्याबरोबर, दोन दलं उघडतात तेव्हाच, मातीलगतचा कोवळा दांडा जांभळा असतो. पूर्ण हिरव्या वंशाचं रोप तिथंच उघडं पडतं. गड्ड्याची वाट पाहायची गरज नाही. अण्णा उकिडवे बसले आणि एकेक ट्रे डोळ्यांसमोर धरून बघू लागले. रोपवाटिकेतला पोरगा म्हणाला, "काय बघूलास अण्णा, पानं वर हाईत की." अण्णा काही बोलले नाहीत. चिमटीनं हिरव्या दांड्याची रोपं उपटून बाजूला ठेवत गेले. तासाभरात मूठभर जमली. ती त्यांनी पोराच्या हातावर ठेवली आणि तेवढी बदलून घेतली.

मधली रोपं मात्र या खुणेला फसवतात. त्यांचाही दांडा जांभळाच असतो, फक्त किंचित फिका. शेडनेटच्या हिरव्या उजेडात माझ्या डोळ्यांना तर फरक कळेना. अण्णा म्हणतात त्यांना दहातली सात कळतात. खरं की खोटं ते गड्डे भरल्यावर दिसेल.

परतताना त्यांनी मला विचारलं, "मधल्या गड्ड्याचं बी धरलं, तर त्यातून चार जागी एक गर्द निघेल की नाही?" हिशेब अगदी बरोबर होता, बाईंनी फळ्यावर मांडला होता तसाच. पण आपल्याकडे कोबी फुलावरच येत नाही. त्याला काही आठवडे दहा अंशांच्या खालची थंडी लागते, म्हणून तर कोबीच्या बियांचं संशोधन कुल्लूच्या खोऱ्यात कात्रैनला चालतं. मी हे सगळं सांगितलं. अण्णांनी मान हलवली. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले की गेल्या वर्षीचा एक मधला गड्डा त्यांनी म्हशींना घातला नव्हता. विहिरीच्या कडेला, आंब्याच्या सावलीत, तसाच ठेवला होता.

"मग? फुललं काय?"

"छे. चैतात गड्डा फुटला आन् सडला. पण बुंधा जगला की. बाजूनं चार कोंब आलेत, लहान लहान." अण्णांनी हातानं आकार दाखवला. "शिरा जांभळ्याच."